फुकटचं इंटरनेट

बदलीचा हुकूम आला की आमच्या घरात सगळ्यात आधी काळ्या ट्रंका बाहेर निघतात. यंदाची अकरावी बदली. बायकोने कोपऱ्यातल्या एका ट्रंकेकडे बोट दाखवून सांगितलं, “लग्न झाल्यापासून ही उघडलेली मी बघितली नाही. आज उघडा, नाहीतर भंगारवाल्याला देते.” उघडली. कसर लागलेला एनडीएचा ब्लेझर, एक फुटका कंपास आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोडेम. धाकट्याने तो उचलून उलटासुलटा केला. “बाबा, हा कसला राउटर? याला अँटेनाच नाही.” मोडेमखाली प्लास्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी होती. तिच्यावर माझ्या अक्षरात तीन आकडे : ९८९, १५, ५६. मागच्या बाजूला दुसऱ्याच कुणाचं अक्षर.

त्या दिवशी पॅकिंग पुढे सरकलं नाही.

ही गोष्ट २००० सालच्या हिवाळ्यातली. आमचं युनिट तेव्हा कलकत्त्याला फोर्ट विल्यममध्ये होतं. मी लेफ्टनंट, साडेतीन वर्षांची सर्व्हिस, बिनलग्नाचा, मुक्काम मेसमध्ये. खडकवासल्याहून आम्ही १९९६ मध्ये बाहेर पडलो आणि तीन सेनादलांत पांगलो. नौदलातल्या एका कोर्समेटने ईग्रुप्सवर आमच्या कोर्सचा मेल-ग्रुप काढला होता. एकाने मेल टाकला की तो सगळ्यांना पोचायचा. कोण सियाचीनहून खाली उतरला, कोणाचं लग्न ठरलं, कोणाला गोळी लागली, सगळं त्यावर कळायचं. हा ग्रुप वाचायला मी धर्मतल्ल्याच्या सायबर कॅफेत जायचो. रविवार मिळाला तर. रविवारी नेमकी ड्यूटी लागायची.

स्वतःचा संगणक घ्यावा तर नवा चाळीस हजारांच्या खाली नव्हता. पण वाय-टू-केच्या भीतीने कंपन्यांनी जुनी मशिनं घाऊक काढून टाकली होती आणि त्यातली बरीच चांदनी मार्केटच्या गल्ल्यांमध्ये येऊन पडली होती. तिथून मी साडेचार हजारांत एक ४८६ घेतला. ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम, ४२० एमबीची हार्ड डिस्क, विंडोज ९५. आजचा साधा फोन याच्यापुढे ऐरावत. मोडेम वेगळा, बाराशे रुपयांना. पिवळ्या टॅक्सीतून हे सगळं गेटवर आणलं तेव्हा ड्यूटीवर आमचे सुभेदार साहेब होते. साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले, सव्वीस वर्षांची सर्व्हिस. खोक्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, “काय आणलंसा साहेब ह्ये? टीव्ही म्हणावा तर चित्र न्हाई, टाइपरायटर म्हणावा तर कागद न्हाई.”

मी म्हटलं, “यावर फुकटात इंटरनेट चालणार आहे.”

“फुकटचं औषधसुदिक लागू पडत न्हाई साहेब,” म्हणाले आणि रजिस्टरमध्ये नोंद करून मला आत सोडलं.

फुकट कसं, ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सुरू केलं. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं. तास विकत घ्यायचे आणि संपेपर्यंत वापरायचे, अशी रीत होती. मग काही कंपन्यांनी ठरवलं की तासांचे पैसेच घ्यायचे नाहीत. पडद्यावर जाहिरातींची एक पट्टी कायम दिसत राहील, तिच्यावर कमाई करू. गिऱ्हाइकाला खर्च उरला टेलिफोनच्या मीटरचा. आम्हा लेफ्टनंट लोकांना हे फार पटलं होतं.

अॅडज्युटंटने तीन अटी घातल्या. एकही सरकारी कागद, एकही सरकारी फ्लॉपी त्या खोक्याच्या जवळ जाणार नाही. युनिटचं नाव, ठिकाण, हालचाल यातलं काही मेलमध्ये लिहिणार नाही. आणि मेसच्या फोनवरून झालेला प्रत्येक कॉल वहीत लिहून महिन्याच्या मेस बिलात भरणार. मेसचा सिव्हिल फोन अँटीरूमबाहेरच्या व्हरांड्यात होता. तिथून माझ्या खोलीपर्यंत तीस मीटर वायर मी स्वतः खिळ्यांवर टांगून नेली.

पहिली अडचण संगणक चालू करतानाच. आतली छोटी बॅटरी मेलेली असल्यामुळे वीज बंद केली की मशीन आपली हार्ड डिस्क कशी आहे तेच विसरायचं. दर वेळी सेटअपमध्ये जाऊन सांगावं लागे : सिलिंडर ९८९, हेड १५, सेक्टर ५६. ते आकडे एका चिठ्ठीवर लिहून मी मॉनिटरला चिकटवले. तारीखही विसरायचं. रोज सकाळी त्याच्या लेखी १ जानेवारी १९८० असायची. बॅटरी बोर्डावर डाग देऊन बसवलेली, ती काढण्यात बोर्डच जायचा, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

दुसरी अडचण कंपनीच्या सीडीची. तिला पेंटियम हवा होता आणि दुप्पट रॅम. चांदनीतल्या दुकानातला पोरगा हसला. “दादा, सीडी फेंक दीजिए. विंडोज में डायल-अप अपने आप है. नंबर डालिए, नाम डालिए, पासवर्ड डालिए, बस.” त्याचं खरं होतं. १७२ ने सुरू होणारा नंबर घातला, नाव-पासवर्ड घातला आणि वर जाहिरातीची पट्टीसुद्धा दिसेनाशी झाली. हे कंपनीला चाललं असतं का, असा प्रश्न मला त्या वयात पडला नाही.

तिसरी अडचण मोडेमची. तो दर वेळी सांगायचा की लाइनवर डायल टोनच नाही. फोन कानाला लावला तर टोन स्पष्ट ऐकू यायचा. दोन दिवस मी वायर, खिळे, सॉकेट तपासत बसलो. शेवटी कळलं की मोडेम परदेशी घडणीचा, त्याला सलग वाजणारी टोन ओळखता येते आणि आपली टोन थरथरती. त्यावर उपाय म्हणजे एक्स-थ्री नावाची चार अक्षरांचीही नसलेली आज्ञा : टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव. फौजेत असे हुकूम रोज मिळतात, मला ती आज्ञा फार आवडली.

यानंतर तो जोडला जायला लागला. ती शिट्टी, खरखर, दोन मांजरांचं भांडण आणि मग एकदम शांतता. पण पानं अर्धवट उतरायची आणि मेल तुटायचे. सिरियल पोर्टमध्ये एक चिप असते. जुन्या चिपमध्ये एका वेळी एकच अक्षर मावतं, ते संगणकाने उचलायच्या आत पुढचं आलं की आधीचं गेलं. नव्या १६५५० चिपमध्ये सोळा अक्षरं थांबू शकतात. लंगरवर एक मग घेऊन उभं राहायचं की बादली घेऊन, एवढाच फरक. माझ्याकडे मग होता. म्हणून मी पोर्टचा वेग उतरवून ९६०० वर आणला. वेब पानांचा नाद सोडला. यूडोरा नावाचा हलका प्रोग्राम फ्लॉपीवरून चढवला आणि फक्त मेल उतरवून घ्यायचं ठरवलं. १७ डिसेंबरच्या रात्री कोर्सचे एकशे चाळीस मेल उतरायला सुरुवात झाली. एकशे बारावा येत असताना मेस हवालदाराने सकाळच्या पावाची ऑर्डर द्यायला फोन उचलला, आणि लाइन गेली.

त्याला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

पुढच्या महिन्याभरात सगळ्या मेसला या खेळाची सवय झाली. रात्री दहानंतर फोनला कोणी हात लावायचा नाही, असा अलिखित नियम पडला. मी तारीख बदलायला विसरलो की माझे मेल १९८० सालचे म्हणून जायचे आणि कोर्समेट उलट लिहायचे, “तू अजून तिसऱ्या वर्षाचा दिसतोस, बोलायला लागलास का?”

२६ जानेवारी २००१. पहाटेपासून आम्ही रेड रोडवर परेडला होतो. परत येऊन बूट काढतोय तोवर अँटीरूमच्या टीव्हीवर दिल्लीची परेड मागे पडून गुजरातची बातमी सुरू झाली होती. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप. दुपारपर्यंत भूज, भचाऊ, अंजार ही नावं पुन्हा पुन्हा यायला लागली. संध्याकाळी बडा खाना होता. सुभेदार साहेब वाढप बघत होते, सगळ्यांना आग्रह करत होते, स्वतः मात्र काही घेत नव्हते. हवालदार मेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांची मुलगी भूजला आहे. जावई हवाई दलात, तिथल्याच तळावर. चार वर्षांचा नातू.

भूजचे फोन बंद. रात्रभर एसटीडी बूथवर उभं राहून उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी सी. ओ. साहेबांनी स्वतः लष्करी एक्स्चेंजमधून प्रयत्न केला. तिकडच्या लाइन मदतकार्याने भरलेल्या होत्या आणि कोणा एका कुटुंबाची चौकशी त्यात घुसवणं योग्य नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. “रजा आत्ता मंजूर करतो,” ते म्हणाले. सुभेदार साहेबांनी विचारलं, “साब, जाऊं तो किधर जाऊं?” भूजची गाडी चालू नव्हती. मुलगी भूजला असेल, अहमदाबादला असेल, गावी निघाली असेल. किंवा नसेल.

२७ तारखेला रात्री साडेनऊला ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. जेसीओ ऑफिसर्स मेसमध्ये असा कधी येत नाही. त्यांनी आधी मेस सेक्रेटरीची परवानगी घेतली होती. “साहेब, त्या तुमच्या फुकटच्या यंत्रावरनं भुजला इचारता येतंय का?”

भूजला विचारता येत नव्हतं. पण आमच्या कोर्समधला नागपूरचा एकजण आग्र्याला वाहतुकीच्या विमानांवर होता. हवाई दल भूजला सामान उतरवून जखमींना बाहेर काढतंय, हे टीव्हीवर दिसत होतं. तो जात असणार, असा माझा अंदाज. मी मेल लिहिला. जावयाचं नाव, नंबर, ट्रेड, मुलीचं नाव, नातवाचं नाव. अॅडज्युटंटच्या अटींकडे मी त्या रात्री काणाडोळा केला, आणि अॅडज्युटंटने माझ्याकडे. नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा. एंगेज. फुकट सेवेचं हेच होतं, एका लाइनीमागे शंभर गिऱ्हाइकं. सुभेदार साहेबांना मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. सव्वाबाराला लाइन लागली आणि मेल गेला.

२८ तारखेच्या रात्री पुन्हा दोघे त्याच जागी. अकराला लाइन लागली. ग्रुपवर भूकंपाबद्दल पंचवीस मेल होते, माझ्या मेलला एकही उत्तर नव्हतं. एकाने तर लिहिलं होतं, “कलकत्त्याचा आपला लेफ्टनंट कुठे आहे? त्याचा काही पत्ता नाही.” मला कळेना. मग पाठवलेल्या मेलवर नजर गेली. तारीख १ जानेवारी १९८०. घाईत चिठ्ठीवरचे तीन आकडे घातले होते आणि तारीख तशीच राहिली होती. तारखेप्रमाणे लावलेल्या मेलच्या थप्पीत माझा मेल सगळ्यात तळाला, वीस वर्षांच्या खाली जाऊन बसला होता.

“काय झालं साहेब?”

मी सांगितलं. खोटं सांगता आलं असतं. ते काही क्षण पडद्याकडे बघत राहिले. “म्हंजी कालचा दिस गेला,” म्हणाले. आवाज चढवला नाही. मी तारीख सुधारली, मेल पुन्हा पाठवला आणि तो माझ्याच पेटीत आजच्या तारखेने परत आल्याचं बघून मगच लाइन सोडली. त्या रात्री मी झोपलो नाही. त्या दिवसात कोणी ढिगाऱ्याखाली असेल आणि कोणाला तरी नुसतं कळायला हवं होतं, असे विचार अंधारात येतात.

२९ च्या रात्री पहिल्याच फेरीला लाइन लागली. चार मेल आले. महूच्या कोर्समेटने लष्करी फोनवरून आग्र्याला निरोप दिला होता. कोचीच्याने जामनगरला विचारलं होतं. नोकरी सोडून अमेरिकेत गेलेल्याने तिथल्या रात्रीतून लिहिलं होतं की पैसे लागले तर सांग. ९६०० च्या वेगाने ओळी एकेक करून उतरत होत्या. चौथा मेल आग्र्याचा.

यूडोराची खिडकी त्या छोट्या पडद्यावर नऊ-दहा ओळींची. त्याने रोमन अक्षरांत मराठी लिहिली होती, तेव्हा आम्ही सगळे तशीच लिहायचो. मी मोठ्याने वाचायला लागलो. जावई भेटला, तो परेड ग्राउंडवर होता, त्याला काही झालेलं नाही. क्वार्टर पडलं. मुलगी दुपारी बाहेर काढली. पाय आणि कंबर मोडली आहे, पण शुद्धीवर आहे. काल विमानाने पुण्याला नेलं, कमांड हॉस्पिटल, वॉर्डचा नंबर हा. खिडकी तिथे संपत होती. डोळ्याने मी पुढची अर्धी ओळ पाहिली होती, वरचा अर्धा भाग फक्त, जसा कुंपणावरून दिसावा तसा. मी माऊसवरचा हात काढला.

“पुण्याला आहे साहेब,” मी म्हटलं. “सुखरूप आहे.”

सुभेदार साहेबांनी डोळे मिटले. टोपी काढून हातात घेतली. मग खुर्चीत बसले, तीन रात्रींत पहिल्यांदा. मी विचार करत होतो, एवढंच सांगावं. आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याला जातील, मुलीला बघतील, पुढचं तिथे जावई सांगेल. मला चोविसावं संपून पंचविसावं सुरू होतं. बातमी कशी द्यायची हे खडकवासल्यालाही शिकवलं नव्हतं आणि डेहराडूनलाही.

“साहेब,” ते म्हणाले, “खाली अजून हाय.”

त्यांचं बोट खिडकीच्या उजव्या कडेच्या पट्टीवर होतं. तीन रात्री मागे उभं राहून त्यांनी बघितलं होतं की पट्टीवरचा ठोकळा तळाला टेकला नसेल तर मेल संपलेला नसतो.

मी ठोकळा खाली ओढला. वाचलं नाही. मला वाटलं, मी वाचल्याशिवाय त्यांना कळणार नाही. ते विसरायला नको होतं मी : त्यांच्या भरतीच्या काळी जवानांना रोमन हिंदी शिकवत. आपलीच भाषा, अक्षरं इंग्रजी. त्याच्या परीक्षा देऊन ते नाईक झाले, हवालदार झाले. ते पुढे वाकले आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत गेले, रिक्रूट वाचतो तसे, ओठ हलवत. नातवाच्या नावावर बोट थांबलं. मग पुढच्या दोन शब्दांवर. मग पुन्हा नावावर, दुसरं काही वाचता येतंय का ते बघायला.

बाहेर गंगेवरून कुठल्याशा बोटीचा भोंगा वाजला. मी काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “साहेब, लाइन तोडा. मीटर पडतंय.”

मी लाइन तोडली. त्यांनी टेबलावर कागद शोधला. वॉर्डचा नंबर लिहून घ्यायचा होता. समोर मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी होती, तीच काढून मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी लिहिलं. ‘कमांड हॉस्पिटल, पुणे’, रोमन अक्षरांत, आणि खाली वॉर्डचा आकडा. घडी घालून डाव्या खिशात ठेवली. दारात सावधान उभे राहून सलाम केला आणि गेले. दुसऱ्या रात्री हावड्याला मी त्यांना गाडीत बसवून दिलं. जावयाची तार गावी पोचली ती ३१ तारखेला.

चिठ्ठी गेल्यामुळे संगणक चालू होईना. ते तीन आकडे मला पाठ नव्हते, रोज बघून घालायची सवय. झाकणाचे चार स्क्रू काढून डिस्कवरचं लेबल वाचलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. मी काढले नाहीत. खोक्यावर चादर टाकून ठेवली. मेस हवालदार पुन्हा रात्री अकराला पावाची ऑर्डर द्यायला लागला.

मार्चच्या अखेरीस सुभेदार साहेब रजेवरून आले. मुलगी कुबड्यांवर उभी राहिली होती. मेसच्या दाराशी मला गाठून त्यांनी एक पाकीट पुढे केलं. आत शंभराच्या दोन नोटा, कॉलचे. मी घेतल्या नाहीत. ते म्हणाले, “फुकटचं नको साहेब,” आणि मेस सेक्रेटरीकडे जाऊन ते पैसे माझ्या बिलात जमा करून आले. जाताना पाकिटातून चिठ्ठी काढून दिली. घड्या पडून मऊ झाली होती.

“तुमचं यंत्र बंद पडलं असंल हिच्याबिगर,” म्हणाले.

त्या संध्याकाळी मी चादर काढली. सिलिंडर ९८९, हेड १५, सेक्टर ५६. तारीख आधी घातली, नीट बघून. आग्र्याच्या मित्राला मी अजून उत्तर लिहिलं नव्हतं.